विश्लेषण : अर्थमंत्री सी. डी. देशमुख यांनी १९५६ मध्ये राजीनामा का दिला? त्यावर इतकी वेगवेगळी मते का पडली?

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरील धड्यात केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या राजीनाम्याचा उल्लेख हमखास येतो. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी पद सोडले, एवढे सांगून विषय पुढे सरकतो. प्रत्यक्षात त्या राजीनाम्यामागे एकापेक्षा अधिक कारणे होती आणि त्याकडे मुंबईतील गिरणी कामगार, दिल्लीतील मंत्री, गुजरातमधील आंदोलक आणि मालेगावातील काँग्रेस कार्यकर्ता यांनी एकाच नजरेने पाहणे शक्यच नव्हते. हा राजीनामा देणारी व्यक्ती कोण होती, तेव्हा नेमके काय घडले आणि मालेगावच्या शाळांमध्ये हा विषय कसा शिकवता येईल, याचा हा आढावा.

चिंतामणराव देशमुख कोण होते?

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावी झाला. वडील वकील होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजनंतर ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये गेले. तेथे त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. पुढे देशाचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या या माणसाची पदवी अर्थशास्त्राची नव्हती.

१९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले. नेमणूक मध्य प्रांत व वऱ्हाडात झाली. जमाबंदी अधिकारी, महसूल सचिव, वित्त सचिव अशा पदांवर त्यांनी दोन दशके काम केले. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. म्हणजे स्वातंत्र्याची चळवळ जोरात असताना देशमुख इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. ते कधी तुरुंगात गेले नाहीत आणि काँग्रेसच्या संघटनेतूनही वर आले नाहीत. राजीनाम्यानंतरच्या टीकेत आणि कौतुकात, दोन्हींत ही पार्श्वभूमी महत्त्वाची ठरली.

रिझर्व्ह बँकेपासून अर्थ मंत्रालयापर्यंतचा प्रवास कसा झाला?

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. दुसरे महायुद्ध चालू होते, महागाई वाढलेली होती आणि ब्रिटनकडे भारताचे स्टर्लिंगमधील येणे साठत होते. १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँकेचा पाया घातला गेला, त्या परिषदेतील भारतीय प्रतिनिधी मंडळात ते होते.

फाळणीनंतर काही महिने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती. बँकेच्या मालमत्तेची वाटणी देशमुखांच्या काळात झाली. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नर तेच होते. ३० जून १९४९ रोजी त्यांनी हे पद सोडले.

१९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला, त्यात ते सदस्य होते. त्याच वर्षी अर्थमंत्री जॉन मथाई यांनी नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून मतभेद होऊन राजीनामा दिला आणि ती जागा देशमुखांकडे आली. मथाई यांच्या आधीचे अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनीही १९४८ मध्ये राजीनामा दिला होता. स्वतंत्र भारताच्या पहिल्या तीनही अर्थमंत्र्यांची कारकीर्द राजीनाम्याने संपली. त्यात देशमुख सर्वाधिक काळ, सुमारे सहा वर्षे, पदावर राहिले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात राबवली गेली आणि दुसरीची आखणी झाली. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यातूनच पुढे एलआयसी उभी राहिली. आज मालेगावातल्या एखाद्या घरात स्टेट बँकेचे पासबुक आणि एलआयसीची पॉलिसी असेल, तर त्या दोन्ही संस्थांच्या मुळाशी देशमुखांच्या काळातले निर्णय आहेत.

१९५५-५६ मध्ये नेमके काय घडले?

भाषेनुसार राज्ये करावीत ही मागणी जुनी होती. पोट्टी श्रीरामुलू यांच्या उपोषणात झालेल्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये तेलुगू भाषकांचे आंध्र राज्य झाले आणि पाठोपाठ राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. मराठी आणि गुजराती भाषकांचे एकत्र द्विभाषिक मुंबई राज्य ठेवावे आणि विदर्भ वेगळा करावा, अशी त्याची शिफारस होती. महाराष्ट्रात त्यावर संताप उसळला. त्यानंतर काँग्रेस श्रेष्ठींनी तीन राज्यांचा पर्याय पुढे आणला : गुजरात, विदर्भासह महाराष्ट्र आणि स्वतंत्र मुंबई शहर.

यानंतरच्या घटना तारखेनुसार पाहिल्या तर गोंधळ कमी होतो.

* २१ नोव्हेंबर १९५५ : मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ आंदोलकांवर गोळीबार.
* १६ जानेवारी १९५६ : मुंबई केंद्रशासित राहील, अशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची आकाशवाणीवरून घोषणा. त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईत पुन्हा गोळीबार, अनेक मृत्यू.
* ६ फेब्रुवारी १९५६ : पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना.
* ३ जून १९५६ : मुंबई आणखी पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील, अशी नेहरूंची मुंबईत घोषणा.
* जुलै १९५६ : देशमुख मंत्रिमंडळातून बाहेर.
* ऑगस्ट १९५६ : मुंबईसह विशाल द्विभाषिक राज्य करण्याचा संसदेचा निर्णय.
* १ नोव्हेंबर १९५६ : द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात.
* १ मे १९६० : महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये.

आंदोलनातील हुतात्म्यांचा आकडा १०५ असा रूढ झाला. पुढे तो १०६ आणि १०७ असाही नोंदला गेला. फ्लोरा फाउंटनचा परिसर आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो.

यात एक बाब सहज सुटून जाते. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम आणि मुंबईतील गोळीबार एकाच आठवड्यातले आहेत. १९ जानेवारीला देशमुख आकाशवाणीवरून देशाला विम्याचा निर्णय समजावून सांगत होते आणि त्याच दिवसांत त्यांच्या भाषेची माणसे मुंबईच्या रस्त्यांवर मरत होती. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. तो लगेच स्वीकारला गेला नाही. पुढचे सहा महिने ते पदावर राहिले आणि १९५६-५७ चा अर्थसंकल्पही त्यांनीच मांडला.

राजीनाम्याची कारणे कोणती होती?

जुलैच्या अखेरीस देशमुखांनी लोकसभेत निवेदन केले. त्यातील मुद्दे साधारण तीन भागांत विभागता येतात.

पहिला मुद्दा मुंबईचा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणे त्यांना मान्य नव्हते. दुसरा मुद्दा गोळीबाराचा. इतकी माणसे मेल्यानंतर न्यायालयीन चौकशी व्हायला हवी होती आणि ती नाकारली गेली, हा त्यांचा गंभीर आक्षेप होता. महाराष्ट्राबद्दल आकस बाळगला जात असल्याचा आरोपही त्यांनी केला. तिसरा मुद्दा कामकाजाच्या पद्धतीचा. मुंबईबाबतची जाहीर घोषणा मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न करता झाली, असे त्यांचे म्हणणे होते.

वर्गात यापैकी पहिला मुद्दाच पोहोचतो. पण उरलेले दोन मुद्दे मराठी-गुजराती वादापुरते नाहीत. पोलिसांच्या गोळीबारात नागरिक मेले तर चौकशी कोणी करावी? पंतप्रधान मोठा की मंत्रिमंडळ? हे प्रश्न कोणत्याही राज्यातल्या, कोणतीही भाषा बोलणाऱ्या नागरिकाला लागू पडतात.

कोणाची काय प्रतिक्रिया होती?

मराठी जनतेच्या मोठ्या भागाने देशमुखांना डोक्यावर घेतले. केंद्रातील एवढे मोठे खाते महाराष्ट्रासाठी सोडणारा माणूस म्हणून त्यांची प्रतिमा तयार झाली आणि ती आजही टिकून आहे. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे यांच्यासारखे एरवी एकमेकांशी न पटणारे नेते लढ्यात एकत्र होते. त्या लढ्याला देशमुखांच्या राजीनाम्याने दिल्लीत वजन मिळवून दिले.

नेहरूंनी आरोप मान्य केले नाहीत. निर्णय एकतर्फी नव्हता आणि सरकारचे धोरण जाहीर करण्याचा पंतप्रधानाला अधिकार आहे, अशी त्यांची भूमिका होती. सरकारी बाजूच्या दृष्टीने प्रश्न देशाच्या ऐक्याचा होता. फाळणीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. भाषेच्या नावावर आणखी तुकडे पडतील ही भीती तेव्हा काल्पनिक वाटत नव्हती.

महाराष्ट्रातील काँग्रेसजनांची अवस्था सर्वांत अवघड होती. यशवंतराव चव्हाण यांनी १९५५ च्या अखेरीस फलटण येथे संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचे नेतृत्व मोठे मानण्याची भूमिका घेतली होती आणि त्याबद्दल त्यांना मराठी जनतेचा रोष सोसावा लागला. काकासाहेब गाडगीळ काँग्रेसमध्ये राहून लोकसभेत महाराष्ट्राची बाजू हिरिरीने मांडत होते. पक्षातच राहून लढायचे की बाहेर पडायचे, या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. देशमुखांचा राजीनामा या सर्वांसाठी एक प्रकारची तुलना ठरला.

मुंबईतील भांडवलदार आणि व्यापारी वर्गाचा मोठा गट शहर वेगळे ठेवण्याच्या बाजूचा होता. पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्या नेतृत्वाखालील मुंबई नागरिक समितीने तशी मागणीही केली होती. या गटाला अर्थमंत्र्यांची बाजू पटण्याचे कारण नव्हते.

गुजरातबाबत मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. ऑगस्टमध्ये द्विभाषिक राज्याचा निर्णय झाला, तेव्हा अहमदाबादमध्येही आंदोलन पेटले, तेथेही गोळीबार झाला आणि विद्यार्थी मेले. इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात चळवळ उभी राहिली. सामान्य गुजराती माणसाला स्वतःचे राज्य हवे होते आणि महाराष्ट्राला स्वतःचे. दोघांचे भांडण एकमेकांशी होते त्यापेक्षा दिल्लीच्या निर्णयाशी अधिक होते.

मालेगावचा या प्रकरणाशी संबंध काय?

तो भाऊसाहेब हिरे यांच्यामुळे आहे. १९०५ मध्ये मालेगाव तालुक्यातील निमगाव येथे जन्मलेले हिरे मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते. कुळकायद्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९५२ मध्ये त्यांनी महात्मा गांधी विद्यामंदिर ही शिक्षणसंस्था सुरू केली. मालेगाव आणि नाशिक परिसरातील हजारो विद्यार्थी आज तिच्या शाळा-महाविद्यालयांत शिकतात.

हिरे संयुक्त महाराष्ट्राचे समर्थक होते, पण त्यांनी काँग्रेस सोडली नाही. द्विभाषिक राज्याचा पहिला नेता निवडण्याची वेळ आली, तेव्हा ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांनी चव्हाणांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले. चव्हाण मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९६१ मध्ये हिरे यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्य झालेले त्यांनी पाहिले, ते राज्य चालवण्याची संधी मात्र त्यांना मिळाली नाही.

देशमुख आणि हिरे यांचे मागणे एकच होते. एक बाहेर पडला, दुसरा आत राहून लढला. यापैकी बरोबर कोण, याचे एकच उत्तर नाही आणि म्हणूनच वर्गात चर्चा करायला हे उदाहरण चांगले आहे.

दुसरा धागा भाषेचा. मालेगावात मराठी, उर्दू आणि अहिराणी रोज कानावर पडतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या अनेक कुटुंबांचे पूर्वज उत्तर भारतातून आले. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठी राज्याच्या लढ्याबद्दल काय वाटावे, हा प्रश्न टाळण्याची गरज नाही. या लढ्याचा आवाज घराघरांत पोहोचवणाऱ्या शाहिरांत अण्णा भाऊ साठे यांच्याबरोबर अमर शेख होते, हे त्या मुलाला माहीत असायला हवे. तसेच राज्ये वेगळी होताना नाशिक जिल्ह्याला लागून असलेला डांग गुजरातकडे गेला, हेही नकाशा समोर ठेवून दाखवता येते. बेळगाव, कारवारच्या मराठी भाषकांसाठी तर लढा १९६० मध्ये संपलाच नाही.

राजीनाम्याने काय साधले?

तत्काळ मागणी पूर्ण झाली नाही. मुंबई केंद्रशासित करण्याचा बेत काही दिवसांतच मागे पडला, पण त्याच्या जागी आलेले द्विभाषिक राज्य ना महाराष्ट्राला हवे होते ना गुजरातला. हा बदल एकट्या राजीनाम्यामुळे झाला असे म्हणता येणार नाही. संसदेतील अनेक खासदारांचा तडजोडीसाठी आग्रह होता आणि रस्त्यावरचे आंदोलनही थांबलेले नव्हते.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले. द्विभाषिक राज्य चालत नाही हे अखेर काँग्रेसलाही मान्य करावे लागले. देशमुखांनी ज्या न्यायालयीन चौकशीचा आग्रह धरला होता, ती मात्र झाली नाही.

राजीनाम्यानंतर देशमुखांनी काय केले?

ते समितीच्या व्यासपीठावरचे नेते झाले नाहीत. १९५६ मध्येच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत राहिले. म्हणजे ज्या सरकारवर त्यांनी लोकसभेत कडक टीका केली, त्याच सरकारने त्यांच्याकडे उच्च शिक्षणाची जबाबदारी दिली आणि त्यांनी ती घेतली. दोन्ही बाजूंनी मतभेद वैरापर्यंत नेले नाहीत, याचे हे ठळक उदाहरण आहे.

घरची बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या पत्नी रोझिना यांच्या निधनानंतर जानेवारी १९५३ मध्ये देशमुखांनी दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. त्या मूळच्या आंध्रच्या, स्वातंत्र्यसैनिक आणि संविधान सभेच्या सदस्य. या नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून स्वतः नेहरू होते. साडेतीन वर्षांनी त्याच नेहरूंच्या मंत्रिमंडळातून देशमुख बाहेर पडले.

१९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मंत्र्यांवरील भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी स्थायी, निःपक्ष न्यायाधिकरण असावे अशी सूचना त्यांनी केली. ती सरकारने स्वीकारली नाही. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले. व्ही. व्ही. गिरी निवडून आले, नीलम संजीव रेड्डी दुसरे आणि देशमुख तिसरे. १९७५ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

वर्गात हा विषय कसा मांडता येईल?

एका तासिकेत पुढील क्रमाने हे करता येते.

* आधी वरील घटनाक्रम फळ्यावर लिहावा. मत मांडण्यापूर्वी तारखा स्पष्ट असाव्यात.
* विद्यार्थ्यांचे पाच गट करावेत : गिरणगावातील कामगार, मुंबईतील व्यापारी, अहमदाबादचा विद्यार्थी, दिल्लीतील मंत्री आणि मालेगावातील काँग्रेस कार्यकर्ता. प्रत्येक गटाने राजीनाम्याची बातमी ऐकल्यावर काय वाटले असेल ते कारणांसह लिहावे.
* नंतर गटांनी आपापली भूमिका बदलावी आणि समोरच्या गटाची बाजू मांडावी.
* तीन राजीनाम्यांची तुलना करावी. १९५१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू कोड बिलासह इतर मतभेदांवरून कायदामंत्रिपद सोडले. जुलै १९५६ मध्ये देशमुखांनी सरकारच्या निर्णयाशी असहमती म्हणून पद सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अरियलूर येथील रेल्वे अपघाताची नैतिक जबाबदारी घेऊन लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. तिघांची कारणे वेगळी आहेत, ती विद्यार्थ्यांना ओळखता यायला हवीत.
* शेवटी अवघड प्रश्न विचारावेत. देशमुखांनी जानेवारीतच बाहेर पडायला हवे होते का? थांबलेले सहा महिने चूक होती की समजूतदारपणा? हिरे यांनीही राजीनामा द्यायला हवा होता का?

गुण देताना विद्यार्थी कोणाच्या बाजूने आहे हे पाहू नये. त्याने दिलेले कारण घटनाक्रमाशी जुळते का आणि ज्याची बाजू त्याला पटत नाही, त्याचे म्हणणे त्याने नीट मांडले का, एवढे तपासावे. मालेगावात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. बालभारतीची पुस्तके दोन्ही भाषांत मिळतात. हा तास दोन शाळांनी मिळून घेतला, तर पाच गटांतील उत्तरे आणखी वेगळी येण्याची शक्यता आहे.